केमिस्ट्रीची केटी आणि बाकीचं

प्रिय बाय,

काल तू फोन ठेवलास आणि आई म्हणाली उद्या परत करा, पण फोनवर तुझा गळा दाटून आला की बोलणं पुढे जातच नाही, आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटांत होण्यासारखं नाही. म्हणून आज नाईट हॉल्टला बस लावली, जेवलो आणि हे टाइप करत बसलोय. लांब होईल. एका दमात वाचू नकोस, पण वाच सगळं.

आधी हे, की केमिस्ट्रीच्या पेपरात नापास होऊन केटी लागली म्हणून घरात कुणी रागावलेलं नाही. आजीला केटी म्हणजे काय ते आईने समजावलं तर ती म्हणाली परत देता येतो ना पेपर, मग रडते कशाला. फीची चिंता तू करायची नाही, ते माझ्याकडे.

आता तू जे म्हणालीस त्याबद्दल. मला डोकंच नाही पपा, मी कॉलेज सोडते, पिसुर्लेला कंपनीत पॅकिंगला पोरी घेतात तिथे लागते. कंपनीत काम करणं कमीपणाचं नाही, आपल्या वाड्यावरच्या कितीतरी बायका पहाटे उठून भाकऱ्या करून कंपनीच्या गाडीत बसतात आणि त्यांच्यावर घरं चालतात. तुला ते काम आवडलं म्हणून जायचं असतं तर मी अडवलं नसतं. पण डोकं नाही म्हणून जाते, हे मला मान्य नाही. तुला डोकं आहे हे मला पक्कं माहीत आहे, आणि ते लाडाने म्हणत नाहीये, बघितलंय म्हणून म्हणतोय.

तू तिसरीत होतीस. सकाळच्या गाडीला माझ्याबरोबर वाळपईला यायचीस. एकदा ड्रायव्हर मामाने गाडी चालू केली आणि नुसता बसून राहिला, तर तू विचारलंस गाडी चालू आहे मग आपण निघत का नाही. मी म्हटलं हवा भरतेय. कसली हवा? ब्रेकची. ब्रेकला हवा कशाला लागते, सायकलच्या ब्रेकला तर लागत नाही? मामाने तुला पुढे बोलावलं, प्रेशरचा काटा दाखवला, इंजिन चालू असलं की कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, काटा इथपर्यंत आला की मगच गाडी हलवायची, कमी असली तर मागची चाकं ब्रेक सोडतच नाहीत. तू काट्याकडे बघत उभी राहिलीस आणि विचारलंस, मग हवा संपली तर ब्रेक लागत नाहीत की सुटत नाहीत? मामा माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, कंडक्टर, हा प्रश्न मला डेपोत मेकॅनिकने विचारला होता. तिसरीतली पोर. मराठी शाळेतली.

आणि पाचवीत तू गप्प झालीस.

मला ते वर्ष चांगलं आठवतंय. हायस्कूल इंग्लिश मीडियम, पहिल्या दिवसापासून सायन्स, मॅथ्स, जॉग्रफी सगळं इंग्लिशमधून. चौथीपर्यंत तू सोप्यावर बसून मोठ्याने वाचायचीस आणि मध्येच थांबून आईला विचारायचीस हे असं का. पाचवीत सोप्यावरच बसायचीस पण डोळे मिटून, वहीतलं उत्तर पुन्हा पुन्हा म्हणत. मी एकदा विचारलं याचा अर्थ काय, तर तू म्हणालीस अर्थ नको पपा, बाईंनी असंच्या असं लिहायला सांगितलंय. मार्क मिळायचे. त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पण दहा वर्षांच्या पोरीला जी गोष्ट समजते ती विचारायला शब्द नाहीत आणि जी पाठ आहे ती समजलेली नाही, अशी वर्षं गेली की पोर विचारणंच सोडून देते. तू सोडलंस. तुझ्याबरोबर पाचवीत गेलेली अर्धी पोरं गप्प झाली, ती काय सगळी एकदम ढ झाली?

गोव्यात हे कधीपासून चालू आहे बघ. मुक्तीनंतर 1963 ला भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तुझी आजी तशाच शाळेत चौथी शिकली, आजही ती पेपर अक्षर न् अक्षर वाचते. 1990 ला ठरलं की अनुदान फक्त मराठी-कोकणीसारख्या भाषांतल्या प्राथमिक शाळांना. 2011 ला सरकारने इंग्लिश प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं तेव्हा केवढं आंदोलन झालं, आमच्या गाड्या अडायच्या, आणि पुढे सरकार बदललं तरी ते अनुदान काही थांबलं नाही. मी दोन्ही बाजूंची माणसं गाडीत बघितली, दोघांचंही काही ना काही खरं होतं. पण भांडण झालं ते पहिली ते चौथी कुठल्या भाषेत यावरच. चौथीतून पाचवीत जाताना पोराचं काय होतं, त्याला तो पूल कोण बांधून देणार, यावर एक मोर्चा निघालेला मी बघितला नाही. नवीन शिक्षण धोरण 2020 चं, त्यात लिहिलंय की शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत आणि जमलं तर आठवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. मला ते पटतं. पण तुला त्याचा काय उपयोग, तू तर कधीच त्यातून निघून गेलीस. आणि इंग्लिश नको असं मी मुळीच म्हणत नाही. इंग्लिश पाहिजेच, भरपूर पाहिजे. फक्त पोराला समजत असलेलं सगळं एका मे महिन्यात बंद करून जूनपासून दुसऱ्या भाषेत चालू करायचं, आणि मधे काहीच नाही, हे बरोबर नाही एवढंच.

त्यात भर लॉकडाऊन. आठवी अख्खी आणि नववीचा बराचसा भाग मोबाईलवर गेला. रेंज कुठे तर वरच्या काजूच्या बागेत, सत्तरीत आणि सांग्यात तेव्हा कितीतरी पोरं अशीच डोंगरावर जाऊन बसायची, पाऊस आला की छत्रीत मोबाईल आणि पोर बाहेर. आवाज तुटायचा, सर फळ्यावर काय लिहितायत ते दिसायचं नाही, आणि तेव्हाच नेमकी केमिस्ट्रीची सुरुवात होती, अणू, संयुजा, समीकरणं जुळवणं. तो पायाच तुला कुणी समोर बसून शिकवला नाही. मग दहावीला 76 टक्के पडले आणि आपण सगळ्यांनी पेढे वाटले, वाटायलाच हवे होते, पण दहावीचा निकाल गोव्यात हल्ली 90 टक्क्यांच्या वर लागतो, बोर्डात पास होणं आणि अकरावी सायन्सला तयार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे निकालाच्या दिवशी कुणी सांगत नाही. अकरावीत शहरातली पोरं संध्याकाळी क्लासला जायची आणि तू संध्याकाळी दोन गाड्या बदलून घरी यायचीस, घरी पोचेपर्यंत दिवेलागण. घरात विचारावं तर मी दहावी, आई नववी. हे सगळं एकावर एक चढत गेलं आणि कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला केटीच्या रूपाने बाहेर आलं. म्हणून म्हणतो, हे तुझ्या डोक्याचं नाही.

पण एक गोष्ट आता तुझ्याच हातात आहे.

दिवाळीला आलेलीस तेव्हा तू आईला प्रॅक्टिकलची गोष्ट सांगत होतीस, मी आत बसून ऐकत होतो. वरच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे, खाली फ्लास्क हलवत राहायचा, आणि रंग अगदी फिका गुलाबी झाला की लगेच थांबायचं. तुझा एकदम गडद झाला. परत केलंस, परत गडद. मग तू काय केलंस, शेजारच्या मुलीचं रीडिंग बघून तेच लिहिलंस. आई हसली, तू पण हसलीस. मला मात्र तेव्हापासून ते खटकतंय, कारण मॅडम दोन टेबलं सोडून उभ्या होत्या असं तूच म्हणालीस. माझं का होत नाही, एवढं विचारायला तुला कुणी अडवलं नव्हतं. तू म्हणालीस इंग्लिशमध्ये कसं विचारू, कॉन्व्हेंटच्या मुली हसतात. आणि वर्गात सर शेवटी एनी डाऊट्स म्हणतात तेव्हा सगळेच गप्प.

बाय, सगळे गप्प म्हणजे सगळ्यांना समजलंय असं नाही गे. मी गाडीत रोज ऐकतो. साखळीला, पणजीला जाणारी पोरं, मांडीवर जर्नल, एकाचं बघून दुसरा उतरवतोय, तिसरा फोटो काढून ग्रुपवर टाकतोय, आणि एकमेकांना सांगतायत की आज काय शिकवलं ते डोक्यावरून गेलं. त्यात इंग्लिश फाडफाड बोलणारी पण असतात. परवा तर एक मुलगा मागच्या सीटवर मित्राला सांगत होता, मेजर-मायनर, म्हणजे मुख्य विषय कुठला आणि जोडीचा कुठला, काय घ्यायचं तेच कळलं नाही, मित्राने घेतलं ते मी पण घेतलं. तीन-चार वर्षं शिकायचा विषय असा ठरवला. का, तर ऑफिसमध्ये विचारायची लाज. त्याला मी उतरताना म्हटलं, अजून जाऊन विचार, बदलता येतं का ते तरी बघ. तो हो म्हणाला, पण जाईल असं मला वाटलं नाही.

तर तू विचार. कोकणीत विचार, मराठीत विचार, तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये विचार. तुझे केमिस्ट्रीचे सर गोयंकारच आहेत ना, त्यांना कोकणी येत नाही का? वर्गात नको वाटत असेल तर लेक्चर संपल्यावर दारात गाठ, डिपार्टमेंटमध्ये जा, वहीवर आधीच लिहून ने काय समजलं नाही ते. एकच गोष्ट विचार, पण पूर्ण समजेपर्यंत हलू नकोस, जशी त्या काट्यासमोर उभी राहिली होतीस. एक सर नीट बोलले नाहीत तर दुसऱ्या मॅडमकडे जा. आणि आठवी-नववीची केमिस्ट्रीची पुस्तकं मी माळ्यावरून काढून ठेवली आहेत, पुढच्या वेळी घेऊन जा. एफवायला असून नववीचं पुस्तक वाचायला काही कमीपणा नाही, जिथे सुटलं तिथूनच धरायला हवं. यूट्यूबवर मराठीतून पण केमिस्ट्री शिकवतात, रूममेट हसली तर हेडफोन घाल. आधी मराठीत समजून घे, मग तेच इंग्लिशमध्ये स्वतःच्या वाक्यात लिहून बघ, पाठ केलेलं नको. वाक्य चुकू दे. पेपर तपासणारा केमिस्ट्री तपासतो.

एक अजून सांगायचंय आणि हे नीट वाच. तू काल म्हणालीस रात्री झोप येत नाही, जेवावंसं वाटत नाही. ते दोन-चार दिवसांत गेलं तर ठीक, नाही गेलं तर रात्री कितीही वाजलेले असोत मला उठव. मला नाही सांगता आलं तर 14416 नंबर आहे, सरकारचा टेली मानस, मनाच्या त्रासासाठी, फुकट आहे, कधीही लावता येतो. आमच्या स्टाफमधल्या एकाने मुलासाठी लावला होता, तोच मला म्हणाला नंबर मोबाईलमध्ये ठेव. तू पण सेव्ह करून ठेव, आत्ताच कर. मार्कांपायी पोरं जीवाचं बरंवाईट करून घेतात हे पेपरात वाचलं की मी आणि आई त्या दिवशी एकमेकांशी जास्त बोलत नाही. केटी दहा लागू देत, आम्हाला तू पाहिजेस.

वर्षभर मन लावून बघ आणि नंतरही सायन्स नकोच वाटलं तर आपण बसून बोलू, दुसरी वाट काढू, त्यातही मी तुझ्याबरोबर आहे. पण ते तू ठरवून, लाजेपायी नाही.

आता कामाचं. केटीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख ऑफिसात जाऊन विचार, ग्रुपवर आलेली तारीख खरी धरू नकोस. फी किती ते कळव, मी जीपे करतो. उत्तरपत्रिका बघायला मिळते का तेही विचार, मिळत असेल तर अर्ज कर, कुठे मार्क गेले ते कळेल तरी. आणि शनिवारी ये घरी, आई म्हणते तू बारीक झालीस, बांगडे आणून ठेवते म्हणाली. चारची वाळपईची गाडी पकड, त्या गाडीला मीच आहे.

पपा