ओर्काची पैदास आणि आपलं तिकीट

संपादक महोदय,

उन्हाळी सुट्टी जवळ आली की बेळगाव, निपाणी, चिकोडीतल्या ट्रॅव्हल्सवाल्यांच्या जाहिराती झळकू लागतात. दुबई, सिंगापूर, थायलंड, आणि खाली जाड अक्षरांत ‘डॉल्फिन शोसह’. आमच्या गल्लीतल्या दोन कुटुंबांनी अशी सहल नुकतीच बुक केली. त्यांच्या हौसेवर विरजण घालायची माझी इच्छा नाही. पण या खेळांसाठी जनावरांची पैदास कशी केली जाते, हे तिकीट काढणाऱ्याला माहीत असावं असं वाटतं, आणि पैदास हा माझ्या उभ्या नोकरीचा विषय होता.

मी पशुसंगोपन खात्यात होतो. नायट्रोजनचा कंटेनर मोटारसायकलला बांधून चिकोडी भागातल्या गावोगावी गाई-म्हशी भरवल्या. गोठवलेल्या वीर्याच्या कांडीवर वळूचा नंबर असतो. तो वहीत उतरवल्याशिवाय आम्ही पुढे जात नसू, कारण जवळच्या नात्यात भरवलं की वंश बिघडतो. दुसरा नियम असा, की पहिला माज दिसला म्हणून कालवड लगेच भरवायची नाही. अंगानं भरेपर्यंत थांबायचं.

हे दोन्ही नियम ओर्काच्या बाबतीत कसे मोडले गेले, ते सांगतो. ओर्का म्हणजे किलर व्हेल, डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. आधी त्यांची पिल्लं समुद्रातून पकडून आणत. त्यावर ओरड होऊ लागली, तसा टाकीतल्या पैदाशीवर भर आला. 1985 मध्ये अमेरिकेत ऑर्लँडोच्या सीवर्ल्ड या सागरी प्राण्यांच्या उद्यानात कलिना जन्मली. टाकीत जन्मून जगलेली ती पहिली. 2001 मध्ये सीवर्ल्डच्याच सॅन दिएगोतल्या उद्यानात कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं. त्याचा बाप टिलिकम, 1983 मध्ये आइसलँडजवळ जेमतेम दोन वर्षांचा असताना पकडलेला नर. तीन माणसांच्या मृत्यूशी त्याचा संबंध आला, त्यात 2010 मध्ये त्याची प्रशिक्षिका डॉन ब्रँशो गेली. दोष मी त्या जनावराला देत नाही. पण त्याच्यापासून एकूण 21 पिल्लं घेतली गेली, हे विसरता येत नाही.

कोहाना नावाच्या मादीचं वाचून मात्र मी सुन्न झालो. 2002 मध्ये जन्मलेली ही पोर चार वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा तिला आईपासून तोडून स्पेनच्या तेनेरीफे बेटावरच्या लोरो पार्क या प्राणी उद्यानात पाठवलं. तिथला नर केटो, कलिनाचा मुलगा, बापाकडून कोहानाच्या आईचा सावत्र भाऊ, म्हणजे नात्यानं कोहानाचा मामा. त्याच्यापासून ती आठव्या वर्षी व्याली. समुद्रात ओर्काची मादी साधारण तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा आई होते, तीही आपली आई, आजी, मावश्या सोबत असताना. पिल्लू कसं सांभाळायचं हे कोहानानं कुणाचं बघायचं? तिनं पहिलं पिल्लू जवळ केलं नाही, दुसरंही नाही. दुसरी, व्हिक्टोरिया, वर्षाच्या आतच मेली. मामा-भाचीची ही जोडी आमच्या वहीत कुणी लिहू दिली नसती.

रेडकू मेलं की काही शेतकरी त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवतात. ती ते चाटत राहते आणि मग पान्हा सोडते. ते पाहताना माझी मान नेहमी खाली जायची. ओर्कात तर माय-लेकरांची सोबत जन्मभराची असते, मुलगे म्हातारे झाले तरी आईच्या कळपातच पोहतात. 2004 मध्ये कोहानाची आई टकारा हिलाही तिच्या आईपासून, कसत्कापासून, दूर नेलं. त्यानंतर कसत्का पूर्वी कधी न ऐकलेले आवाज काढत राहिली, असं तिथल्या माजी प्रशिक्षकानं सांगितलं आहे.

काही जण मला विचारतात, गाय गोठ्यात बांधता ते चालतं का? गाय हजारो वर्षं माणसाच्या दावणीला आहे, अंगणातच तिचा वंश घडला. ओर्काची मात्र टाकीत दोन-तीन पिढ्यांपलीकडे मजल नाही. तिचं शरीर दिवसाला शंभर किलोमीटर पोहण्याच्या ताकदीचं आहे. टाकीत जन्मली म्हणून ते लहान होत नाही.

सीवर्ल्डनं 2016 मध्ये ही पैदास थांबवली, कॅनडानं 2019 मध्ये त्यावर बंदीचा कायदा केला. चीनमध्ये ती चालूच आहे. आपल्या केंद्र सरकारनं 2013 मध्येच डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन टाकीत ठेवून खेळ दाखवण्याला, मनाई केली. त्याआधी 1998 मध्ये बल्गेरियातून चेन्नईजवळ आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. म्हैसाळच्या देवलांच्या सर्कशीचं कौतुक असलेला हा आपला मुलूख, पण सर्कशीतले वाघ-सिंह बंद झाले तेव्हा आपण ते मान्य केलं. मग जे इथं चालत नाही ते परदेशात पैसे मोजून का पाहायचं?

ट्रॅव्हल्सवाल्यांना विनंती आहे, पॅकेजमधून हा शो काढा. गिऱ्हाइकांनीही बुकिंग करतानाच ‘तो नको, दुसरं काही द्या’ म्हणावं. चार-सहा जणांनी म्हटलं तरी पुढच्या हंगामातली जाहिरात बदलेल. मुलांना डॉल्फिन दाखवायचेच असतील, तर मालवण आणि कारवार आपल्याला काही लांब नाहीत. सकाळी होडीनं जावं. कळपाच्या मागे होडी पळवायची नाही, एवढं होडीवाल्याला निघण्याआधीच सांगावं.

आपला,
एक निवृत्त पशुसंगोपन कर्मचारी,
निपाणी, जि. बेळगाव