आजीच्या ओव्या आणि अँटिव्हायरस

परभणी

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घरच्या कॉम्प्युटरसाठी तीन वर्षांचं महागडं अँटिव्हायरस घेऊ म्हणालीस, तेव्हा मी काहीच बोलले नाही. काल दुपारी वही घेऊन बसले आणि हा डबा उद्या बंद पडला तर आपलं काय काय जाईल, ते लिहून काढलं.

सातबारा परत निघतो. पीकविम्याची पावतीही निघते. बाबांच्या पेन्शनचे कागद कपाटात आहेत. आजीच्या ओव्या मात्र परत निघायच्या नाहीत. तू तिला जात्यापाशी बसवून भरून घेतल्या होत्यास ना, त्या या एकाच ठिकाणी आहेत. आता तर आजीही नाही. एवढं लिहिलं आणि पुढं लिहवेना.

सहलीला देवगिरी बघितलास तो आठव. खंदक, कातीव कडा, ती अंधारी वाट. तरी 1296 साली रामदेवरायाला अल्लाउद्दीन खिलजीशी तह करावा लागला. वेढ्यात पोती उघडली तर धान्याऐवजी मीठ निघालं, असं आपल्याकडं सांगतात. आपल्या पोत्यात काय आहे, ते आधी बघावं असं मला वाटतं. म्हणून ते पैसे बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाल. महिन्यातून एकदा मी सगळं तिच्यावर उतरवीन आणि वायर काढून ती कपाटात ठेवीन. जोडून ठेवली तर फायली कुलूपबंद करणारा व्हायरस तिच्यावरच्या फायलीही सोडत नाही. आणि दर वेळी एक ओवी लावून ऐकीन, म्हणजे नकल खरंच उतरली का ते कळेल.

अँटिव्हायरसचं म्हणशील तर विंडोजबरोबर येणारं डिफेंडर आपल्याला पुरे, फक्त अपडेट थांबवायचे नाहीत. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या अशाच फायली कुलूपबंद करणाऱ्या व्हायरसनं जगभर कॉम्प्युटर अडवले, त्यावरची दुरुस्ती विंडोजच्या अपडेटमध्ये मार्चमध्येच आलेली होती. आपल्या विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तू वाढीव अपडेटसाठी नोंदणी करून दिलीस म्हणून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षेचे अपडेट येतील. पुढं काय करायचं ते तू आलीस की ठरवू, पण त्या तारखेपर्यंत नवा कॉम्प्युटर घेतला नाही तर त्यानंतर बँकेचं काम मी यावर करणार नाही.

शेजारची लेकरं गेम टाकायला येतात, त्यांना वेगळं साधं खातं करून दिलंय. ॲडमिनचा पासवर्ड माझ्यापाशीच.

बाबांचं तुला सांगितलं नव्हतं. गेल्या साली त्यांना फोन आला, पेन्शनचं खातं बंद पडतंय म्हणून. समोरच्यानं स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावलं, यांनी टाकलं, ओटीपीही सांगितला. दार आपणच उघडलं, तिथं कुठलं अँटिव्हायरस काय करणार? लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी नंबरवर कळवलं म्हणून काही रक्कम अडवता आली, बाकीची गेली. कितीतरी दिवस ते धड जेवले नाहीत. त्यांना रागावू नकोस. तेव्हापासून आमचं ठरलंय, पैशाचा फोन आला की ठेवायचा, दोघांनी बोलायचं, मग पासबुकावरच्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा.

पोळ्याला येताना हार्ड डिस्क आण. एक टीबीची पुरे.

तुझी,
आई