गाडी मागे घेणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्यासाठी इंग्रजीत करून वेगळं पाठवेनच, पण ते माझ्या माणसांनीही वाचावं असं वाटतं. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत आमच्याकडून कितीतरी मंडळी केनियातल्या मसाई माराला येतात. त्यातले बरेचजण गाडीत बसल्यावर तेच म्हणत असतील, जे मी तुम्हाला म्हणाले होते : "जरा अजून जवळ घ्या ना." तुमचं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. काकाच पुरेसं आहे.

आठवतं ना, नैरोबीच्या विमानतळाबाहेर आईने तुम्हाला "दादा, ही बॅग जपून हं" असं म्हटलं होतं. आमच्याकडे गाडी चालवणाऱ्याला दादाच म्हणतात. दादा म्हणजे काय ते तुम्ही विचारलंत, आणि मग सांगितलंत की स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ. वर आईला तुम्ही "मामा" म्हणालात, म्हणजे आई. आई खूश झाली. "नाती सगळी तीच आहेत, फक्त माणसं बदलून घेतलीत," म्हणाली. तेव्हापासून आम्हा सहाही जणांचे तुम्ही काका झालात आणि मी तुमची दादा.

आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. पिवळ्या तापाच्या लशीच्या वेळीसुद्धा डॉक्टरांनी तिचं वय बघून दहा प्रश्न विचारले होते. लँड क्रूझरची पायरी तिला उंच पडते हे तुम्ही पहिल्याच दिवशी, आम्ही काही बोलायच्या आत पाहिलंत. नरोकला चहाला थांबलो तिथून एक लाकडी खोकं आणलंत, आणि पुढचे पाच दिवस जिथे थांबू तिथे आधी ते खोकं खाली ठेवायचं आणि मग आईला हात द्यायचा, हे एकदाही चुकलं नाही. खडबडीत वाटेवर तिच्या पाठीशी तुमची लाल चौकड्यांची शुका, म्हणजे अंगावर घ्यायची चादर, घडी करून ठेवलीत. तुमच्याकडे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळी सहाला निघायचं असलं की तुम्ही "बारा वाजता निघू" म्हणायचात. आम्ही गोंधळायचो. आईला ते पहिल्या झटक्यात कळलं. दूध घालून उकळलेला चहा आणि चपाती, दोन्ही त्याच नावाने समोर आल्यावर तर तिला परक्या मुलखात आल्यासारखं वाटेना.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ते चौथ्या दिवसाच्या सकाळसाठी आहे. ती सकाळ आईसाठी काय होती, हे मी तुम्हाला तिथे नीट सांगितलंच नव्हतं.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्या संस्थानात शिकारीचे चित्ते होते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळापासून त्यांचं नाव होतं, आणि ते सांभाळणारे, त्यांना शिकवणारे चित्तेवान होते. भारतातले रानटी चित्ते तोवर संपत आले होते. पिंजऱ्यात तर चित्त्यांना पिल्लं जवळजवळ होतच नसत, म्हणजे नवा चित्ता हवा तर रानातूनच धरायला लागायचा. मग ते समुद्रापलीकडून, तुमच्या आफ्रिकेतून आणायला लागले. माझ्या आईचे वडील लहान असताना त्यांनी हे चित्ते पाहिले होते. गळ्यात पट्टा, डोळ्यांवर चामड्याची टोपी. तसंच त्यांना बैलगाडीवर बसवून माळावर न्यायचे, आणि काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढायचे. आजोबा ही गोष्ट आईला शेकडो वेळा सांगायचे. त्यांनी चित्त्याची धाव कधी पाहिली नव्हती, शहरातून जाणारी गाडी तेवढी पाहिली होती. त्यामुळे आईने लहानपणापासून मनात बाळगलेला चित्ता हा डोळे झाकलेलाच होता.

१९५२ मध्ये आमच्या देशातून चित्ता संपल्याचं सरकारने जाहीर केलं. चित्ता हे नाव आमच्याकडचं, संस्कृतातून आलेलं. इंग्रजांनीही ते इथूनच उचललं, आणि जनावर मात्र इथे उरलं नाही. २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले, त्या दिवशी आई टीव्हीसमोरून हलली नव्हती. आम्ही तिला विचारलं, कुठे जायचं? काशी म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, चित्ता बघायचाय, सुटा.

म्हणून तिने तुमच्याकडून दुसऱ्याच दिवशी चित्त्यासाठीचा "दुमा" हा शब्द पाठ करून घेतला होता. सिंह दिसले, हत्ती दिसले, जिराफ तर रोजच. मारा नदीवर चार तास बसून विल्डबीस्टचा कळप काठापर्यंत आला आणि परत फिरला, तेही पाहिलं. आई दर अर्ध्या तासाने विचारायची, "काका, दुमा?" आणि तुम्ही म्हणायचात, "पोले पोले, मामा." हळूहळू.

त्या सकाळी वारुळावर बसलेली ती मादी तुम्हाला कशी दिसली, मला अजून कळत नाही. मला फक्त गवत दिसत होतं. तुम्ही वाटेवरच इंजिन बंद केलंत, आईच्या हातात दुर्बीण दिलीत आणि तिची मान हलकेच वळवून दिलीत. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा. वारुळाच्या पायथ्याशी चार पिल्लं, पाठीवर राखाडी केसांची झूल घेतलेली. वीस मिनिटं तिथे फक्त आपलीच गाडी होती. आई एक शब्द बोलली नाही. दुर्बीण खाली ठेवली तेव्हा म्हणाली, "डोळे उघडे आहेत गं तिचे."

मग रेडिओ खरखरला, आणि गाड्या यायला लागल्या. तीन, पाच, मग मी मोजायचं सोडून दिलं. एका प्राण्याजवळ एका वेळी पाच गाड्या, पंचवीस मीटरचं अंतर, वाट सोडून गवतात उतरायचं नाही, हे नियम तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. दोन गाड्या तरीही गवतात उतरल्या. मादी उभी राहिली. पलीकडच्या उतारावर थॉमसन गझेल हरणांचा कळप चरत होता आणि तिची नजर त्यावर होती. ती डावीकडे सरकली की एक गाडी डावीकडे सरकायची. सगळ्यांना समोरून फोटो हवा होता. मलाही हवा होता. मी तुमच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "काका, जरा अजून जवळ." त्याच वेळी कुठेतरी एक पक्षी चिवचिवत होता असं मला वाटलं.

तुम्ही इंजिन सुरू केलंत आणि गाडी मागे घेतलीत.

गाडीत काय झालं ते तुम्ही ऐकलंत. भाषा कळली नसली तरी सूर कळलाच असेल. इतके पैसे भरून आलो, आता ती पळणार आणि आत्ताच हा मागे नेतोय, असं आमच्यापैकी एकजण बोलला आणि कोणी त्याला थांबवलं नाही. मीही नाही. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. रेडिओवर तुमच्या भाषेत दोन वाक्यं बोललात, मग आम्हाला म्हणालात, "तिला पोरं आहेत. ती उपाशी आहे. आपण तिच्या वाटेत आहोत." जो पक्षी मला ऐकू येत होता, तो पक्षी नव्हता. गाडीच्या पलीकडे अडकलेलं एक पिल्लू आईला हाका मारत होतं.

तुमच्यामागून आणखी दोन गाड्या मागे सरल्या. मध्ये जी फट पडली तिच्यातून ती मादी गेली. आधी ती, मागून तीन पिल्लं, आणि बऱ्याच वेळाने धावत चौथं. उताराच्या पलीकडे गेल्यावर आम्हाला काहीच दिसलं नाही. तिला शिकार मिळाली की नाही, ते आजही माहीत नाही.

त्या दुपारी गाडीत कोणी फारसं बोललं नाही. संध्याकाळी शेकोटीजवळ तुम्ही आपण होऊन सगळं समजावलंत, आणि आम्हाला अपराधी वाटू न देता समजावलंत, याचं मला जास्त कौतुक आहे. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून तो गाड्यांच्या तावडीत सापडतो. त्याची ताकद एका धावेपुरती असते. धावून झालं की धापा टाकत पडून राहायला लागतं, आणि तेवढ्यात तरस किंवा सिंह आले तर तोंडातला घास जातो. तो भांडूही शकत नाही, कारण जखमी चित्ता पळू शकत नाही. लहानपणी तुम्ही वासरं राखायला जायचात, आणि गिधाडं कुठे उतरतात यावरून जनावर कुठे मेलंय ते ओळखायचात, हे सांगताना तुम्ही काठी खांद्यावर आडवी धरून दाखवलीत. आमच्या माळावरचे धनगर अगदी तसेच उभे राहतात. ते ऐकून आईला धीर आला आणि तिने मान खाली घालून जे सांगितलं, ते मी तुम्हाला तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगितलं होतं. आता नीट लिहिते. ती म्हणाली, "माझ्या वडिलांनी टोपी घातलेला चित्ता बघितला. आज आपण सगळ्यांनी गाड्या आडव्या लावून तिला टोपीच घातली होती. या पोराने ती काढली."

घरी आल्यावर मी वाचायला बसले. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. जिथे पर्यटकांची फार गर्दी, तिथल्या माद्यांची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र होत होती. जिथे गर्दी कमी, तिथे २.३. मी हे आकडे आईला वाचून दाखवले. दर पाच वेतांमागे एक पिल्लू, असा हिशेब तिने बोटांवर केला आणि बराच वेळ गप्प राहिली. सगळ्या जगात मिळून मोठे चित्ते साधारण ७,००० उरले आहेत.

आणखी एक गोष्ट मला तिथे असताना सुचली नाही, इथे आल्यावर सुचली. तुमच्या कमाईचा मोठा वाटा बक्षिशीवर चालतो. शेवटच्या दिवशी पाहुणे पाकिटात काय घालतात ते त्यांना काय दिसलं यावर ठरतं, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ज्या क्षणी गाडी मागे घेतलीत, त्या क्षणी तुम्ही स्वतःच्या खिशातून काहीतरी सोडलंत. त्या रात्री पाकिटात किती घालायचं यावर आमच्या खोलीत कुजबुज झाली होती. आईने सगळ्यांना गप्प केलं, आणि स्वतःच्या पर्समधले, येताना मैत्रिणींसाठी काही घ्यायला ठेवलेले पैसे त्यात घातले. हे तुम्हाला सांगू नको असं तिने बजावलं होतं. मी सांगते आहे, कारण तुम्हाला ते कळायला हवं.

आणि जे मराठी वाचक इथवर आले आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ही सवय आपण घरूनच नेतो. ताडोबात वाघ रस्त्यावर आला की जिप्सींची रांग कशी लागते ते आपण पाहिलेलं आहे, त्या रांगेत मीही बसलेली आहे. माराला गेलात तर पहिल्याच सकाळी गाईडला सांगा की तुम्ही म्हणाल तिथे थांबू आणि तुम्ही म्हणाल तेव्हा निघू. आपण तसं आधीच सांगितलं, तर नंतर नाही म्हणताना त्याला भीती वाटणार नाही.

काका, माझ्या फोनमध्ये त्या सकाळचे एकूण सात फोटो आहेत. सगळ्यांत चांगला तुम्ही गाडी मागे घेतल्यानंतरचा आहे. त्यात खूप गवत, खूप आभाळ, आणि मधोमध एक पिवळा ठिपका. आईने तो मोठा करून घेतला आणि आजोबांच्या फोटोशेजारी लावला. कोणी आलं आणि "चित्ता कुठे आहे यात?" असं विचारलं, की ती उठते, भिंतीपाशी जाते आणि ठिपक्यावर बोट ठेवते. मागची पिल्लंही मोजून दाखवते, फोटोत ती दिसत नसली तरी.

कोल्हापूरचं भडंग तुम्हाला आवडलं होतं. शेवटच्या दिवशी उरलेलं पाकीट तुम्ही पोरांसाठी खिशात घातलंत ते आईने पाहिलं होतं. तिने पाच किलो करून डबे भरून ठेवले आहेत. परदेशी पार्सलमध्ये खाण्याचं काय चालतं याची मी चौकशी करते आहे. ते नाहीच जमलं तर येत्या ऑगस्टमध्ये माझी मैत्रीण माराला येणार आहे, तिच्याकडे देते. तिने तुमचीच गाडी मागितली आहे. पत्ता तेवढा कळवा.

आईचा आशीर्वाद. असांते साना, खूप खूप आभार.

तुमची,
दादा