तू मागितलेली यादी

नागपूर
रविवार, सकाळ

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुमचे आजवरचे आवडते अकरा क्रिकेटपटू कोण?" आणि मी गप्प बसलो. तुला वाटलं लाइन गेली. एक नाव काढलं की त्याच्यामागून एक अख्खा दिवस निघतो, आणि फोनवर एवढे दिवस कसे सांगणार? म्हणून लिहायला बसलोय. अकरा होतील की नाही, माहीत नाही.

पहिला विश्वनाथ. जानेवारी १९७५, वेस्ट इंडीजविरुद्धची मद्रासची कसोटी. मी बारा वर्षांचा. इथल्याच महाल भागातल्या घरी तुझ्या आजोबांचा रेडिओ कोनाड्यात असायचा, आणि सामना असला की त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्यांचा अँडी रॉबर्ट्स एकेकाला काढून राहिला होता. सात काढले त्याने. आपला डाव १९० वर संपला. त्यातल्या ९७ एकट्या विश्वनाथच्या, नाबाद. शेवटचा चंद्रशेखर बाद झाला आणि मला रडू आलं. तीनच धावा राहिल्या होत्या. आजोबांनी रेडिओ बंद केला, पण जागचे उठले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "शतक राहिलं रे, पण त्याला कोणी काढू शकलं का?" सामना पुढे आपण जिंकला. माझ्या डोक्यात मात्र आजोबांचा तो प्रश्न राहिला. तेव्हापासून क्रिकेटमध्ये मी तेच पाहतो. बाकीचे चालले, समोर फारसं काही उरलं नाही, तरी आपली विकेट फुकट न देणारा माणूस मला आवडतो.

गावसकर तर आहेच. पण त्याचा माझा दिवस ३१ ऑक्टोबर १९८७ चा, आपल्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावरचा. विश्वचषकातला न्यूझीलंडविरुद्धचा सामना. सकाळी अंधारातच रांगेत लागलो होतो. पोळी-भाजीचा डबा, आणि आंबिया बहाराची संत्री नुकतीच बाजारात आलेली, ती पिशवीभर. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन त्रिफळे उडवले. विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक, आणि ती आपल्या गावात! तिसरा दांडा उडाला तेव्हा माझ्या हातातलं अर्धं सोललेलं संत्रं कुठे गेलं ते मला कळलं नाही. पुढच्या रांगेतल्या काकांच्या पांढऱ्या शर्टावर रस उडाला होता, आणि त्यांनी मागे वळून मलाच मिठी मारली.

मग गावसकर. अंगात ताप. याच माणसाने १९७५ च्या विश्वचषकात साठ षटकं खेळून नाबाद ३६ केल्या होत्या, त्यावरून लोक आयुष्यभर त्याला बोलले. त्या दिवशी चॅटफिल्डला पुढे येऊन असा मारला की आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. ८८ चेंडूंत नाबाद १०३. त्याच्या सगळ्या एकदिवसीय कारकिर्दीतलं एकच शतक, आणि त्यानंतर भारतासाठी तो एकच सामना खेळला. उशिरा आलं, पण मी पाहताना आलं. यापेक्षा मला काय पाहिजे?

आता जे नाव लिहितोय ते तुझ्या मित्रांच्या यादीत नसणार. अँडी फ्लॉवर. नोव्हेंबर २०००, पुन्हा आपलंच मैदान. भारताच्या ६०९. सचिन नाबाद २०१, द्रविड १६२. झिम्बाब्वेला फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी. पाचव्या दिवशी मी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून गेलो, आपण जिंकताना बघू म्हणून. जिंकलो नाही. फ्लॉवर नऊ तासांहून जास्त उभा होता, नाबाद २३२. आपले फिरकी गोलंदाज टाकून टाकून थकले आणि तो रिव्हर्स स्वीप मारत राहिला. आधी चिडलेली पोट्टी शेवटी त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागली. घरी येताना मला सचिनचं द्विशतक आठवतच नव्हतं. सचिनवर माझा किती जीव आहे ते तुला माहीत आहे, म्हणून हे तुला सांगू शकतो.

कुंबळेबद्दल थोडक्यात. अँटिग्वा, २००२. मोडलेला जबडा, तोंडाभोवती पट्टी, तरी आला, चौदा षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. दिल्लीत एकाच डावात घेतलेले त्याचे दहा बळीही मला याच्यापुढे कमी वाटतात.

आणि आता तुझ्या-माझ्या दोघांच्या जवळचं. विदर्भ. माझ्या सगळ्या तरुणपणी रणजी करंडकात आपली टीम हरायचीच. पेपरात स्कोअर शोधायला शेवटच्या पानाचा कोपरा पाहावा लागायचा. वलनीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला, तेव्हा मी पेढे आणले होते. पण माझा सगळ्यात लाडका फैज फजल. भारतासाठी एकच एकदिवसीय सामना मिळाला, २०१६ मध्ये, हरारेला. नाबाद ५५ केल्या. पुन्हा बोलावणं आलं नाही. बाहेरून आम्हाला एवढं लागलं, त्याला किती लागलं असेल! तो परत आला, विदर्भाचा कप्तान झाला आणि १ जानेवारी २०१८ ला इंदूरला रणजी जिंकून दिली. पुढच्या वर्षी पुन्हा, आपल्या नागपूरच्या जामठ्याला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तो नागपुरातच शेवटचं खेळला. मी गेलो होतो. विश्वनाथचा तो दिवस आठवला, आजोबा पाहिजे होते असं वाटलं.

सहाच झाले बघ. थंडीत येशील तेव्हा रणजीचा सामना असला तर एक अख्खा दिवस मोकळा ठेव. बाकीचे पाच तिथेच बसून सांगतो. डबा मी करीन, संत्री तू सोल.

तुझा,
बाबा

ता. क. आई म्हणते, हरमनप्रीत राहिली. २०१७ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची नाबाद १७१, तुम्ही दोघी टीव्हीसमोर उभ्या राहूनच पाहत होता. खरंच राहिली. आता चारच उरले.