सही करण्याआधी

नाशिक

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

गळाने मासे धरायचं सामान विकणाऱ्या कंपनीचा तू पाठवलेला करार काल दुकान बंद केल्यावर नीट वाचला. आईलाही वाचून दाखवला. फोनवर तू म्हणालीस, "बाबा, स्पॉन्सरशिप मिळाली, आता नोकरी सोडते." तेव्हाच उत्तर दिलं असतं तर दोघांचाही आवाज चढला असता, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मुलीच्या जातीने धरणावर रॉड घेऊन उभं राहावं का, हा प्रश्न आपल्या घरात कधी नव्हता आणि आजही नाही. तू स्पर्धेत उतरावंस, नाव काढावंस, त्यावर तुझं पोट चालावं, हे मला मनापासून हवंय. पण हातात आलेला हा कागद स्पॉन्सरशिपचा नाही.

त्यात लिहिलंय काय ते बघ. कंपनी तुला रॉड, रीळ आणि ल्युअरवर, म्हणजे नकली आमिषावर, 40 टक्के सवलत देणार. तू महिन्याला चार व्हिडिओ करायचेस. जर्सीवर आणि टोपीवर त्यांचं नाव. वर्षभर दुसऱ्या कोणाचं सामान कॅमेऱ्यात दिसता कामा नये. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे की तुझे व्हिडिओ त्यांना हवे तिथे आणि हवे तितके दिवस वापरता येतील. म्हणजे उरलेले 60 टक्के पैसे तू मोजायचेस, मेहनत तुझी, आणि वर हात बांधलेले तेही तुझेच. 'प्रो स्टाफ' म्हटलं की कानाला गोड लागतं, पण बाहेरच्या देशातही ही सगळ्यात खालची पायरी असते. त्याच्या वर फुकट सामान, त्याच्या वर प्रवासखर्च आणि प्रवेश फी, आणि रोख मानधन अगदी वर, तिथे फार थोडे पोचतात. खालच्या पायरीवर उभं राहण्यात कमीपणा नाही, पण त्या पायरीच्या भरवशावर पगार सोडायचा नाही.

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला या व्यवहाराची आतली बाजू रोज दिसते. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीच्या रोगावरच्या फवारण्या सुरू झाल्या की कंपनीचा प्रतिनिधी माझ्याकडे येऊन विचारतो, "शेठ, डेमो प्लॉट कुणाकडे टाकू?" मी त्याला सगळ्यात जास्त माल काढणाऱ्याचं नाव सांगत नाही. मी असा शेतकरी सुचवतो, ज्याचा बाग रस्त्याला लागून आहे, ज्याच्या बांधावर चार लोक थांबून विचारतात, आणि जो औषध चाललं नाही तर तेही तोंडावर सांगतो. त्याच्या बांधावर कंपनीचा फलक लागतो, औषध फुकट मिळतं, शेतकरी मेळावाही त्याच्याच बागेत होतो. एकरी चार क्विंटल जास्त काढणारा दुसरा कुणीतरी असतो, पण तो कुणाशी बोलत नाही, फवारणीची वही दाखवत नाही, म्हणून त्याच्या बांधावर फलक नसतो. कंपनी घडांचे पैसे देतच नाही. फलकवाल्याचं ऐकून जे पन्नास जण दुकानात येतात, त्यांच्यासाठी ती पैसे सोडते.

तुझ्याकडे असा बांध आहे का, हे तू स्वतःला विचार. माझं उत्तर, आहे. दिंडोरीचा एक बागायतदार परवा काउंटरवर औषध घेता घेता म्हणाला, "तुमच्या पोरीला विचारा, शेततळ्यातल्या चिलापीला कुठली दोरी लावू?" तुझा गाठीचा व्हिडिओ त्याने पाहिला होता. तो मीही पाहिलाय. दोरी दुमडून हुकाच्या डोळ्यातून काढलीस, साधी गाठ मारलीस, हूक त्या फाशातून पार केलास, आणि आवळायच्या आधी गाठ ओली केलीस. का, तेही सांगितलंस: कोरडी आवळली की घासून दोरी तापते, आणि मोठा मासा लागला की नेमकी तिथेच तुटते. इतकं सावकाश आणि इतक्या सरळ मराठीत सांगणारं मला तरी दुसरं कुणी दिसलेलं नाही. कंपनीला जे विकत घ्यायचंय ते हे. तू ते सवलतीवर देऊन टाकायला निघालीस.

आता ज्या अमेरिकन स्पर्धा तू रात्र-रात्र बघतेस त्यांच्याविषयी. बास मासा धरायच्या बासमास्टर क्लासिक या स्पर्धेचं पहिलं बक्षीस 3 लाख डॉलर, म्हणजे आपले अडीच कोटींहून जास्त, हे तू मला कितीदा तरी ऐकवलंस. पण ते वर्षातून एकालाच मिळतं. बाकीचे प्रत्येक स्पर्धेला हजारो डॉलरची प्रवेश फी भरतात, बोट ओढत राज्याराज्यांतून हिंडतात आणि कित्येकदा रिकाम्या हाताने परततात. ही स्पर्धा 1971 मध्ये लेक मीडवर सुरू झाली तेव्हा बक्षीस 10 हजार डॉलर होतं. ते आजच्या रकमेपर्यंत आलं कारण मधल्या काळात बोटीवाले, इंजिनवाले, ल्युअरवाले, गाडीवाले यांना त्यात गिऱ्हाईक दिसलं. आपल्याकडे ती साखळी अजून बनायची आहे. त्यामुळे तुला नुसतं जिंकून भागणार नाही, बाजारही थोडाफार तुलाच उभा करावा लागेल.

केव्हिन व्हॅनडॅमचं नाव तू सारखं घेतेस. चार वेळा क्लासिक जिंकला, सात वेळा वर्षातला सर्वोत्तम मासेमार ठरला. तो सुरुवातीला भावाच्या दुकानात काम करायचा, हे मला कळलं तेव्हा बरं वाटलं. काउंटरवर उभं राहिलं की गिऱ्हाईक काय विचारतं ते कळतं, आणि कंपनीशी बोलताना तेच कामाला येतं. ताकाहिरो ओमोरी 1992 मध्ये जपानहून अमेरिकेत गेला. इंग्रजी जेमतेम, राहायला गाडी. क्लासिक जिंकला 2004 मध्ये. गाडीत राहिल्याची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात, मला मधली बारा वर्षं जास्त मोठी वाटतात. आणि किम बेन-मूर, ऑस्ट्रेलियातून आलेली, 2009 मध्ये क्लासिकमध्ये उतरलेली पहिली बाई. तोवर त्या स्पर्धेला अडतीस वर्षं झाली होती. ही वाट तुझ्यासाठी कुणी झाडून ठेवलेली नाही, तेव्हा चालताना पाय सांभाळून टाक.

आपल्या जिल्ह्यातलंच बघ ना. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. विहिरी खोदायला जाणारा पोरगा, 2016 मध्ये रिओ ऑलिम्पिकला रोइंगमध्ये उतरला आणि तेरावा आला. 2018 च्या एशियाडला सांघिक सुवर्ण. वल्हं त्याच्या हातात सैन्यात आलं. बोट, प्रशिक्षक, खुराक आणि दर महिन्याचा पगार सैन्याने दिला. तुझा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, म्हणून तशी पाठ तुला सहजी कुणी देणार नाही. तुझी पाठ सध्या तुझी नोकरी आहे. शनिवार-रविवार पाण्यावर घालव, रजा स्पर्धांसाठी राखून ठेव, पण पगार चालू राहू दे. पोटाची चिंता असलेला माणूस कंपनीसमोर बसला की पहिल्याच आकड्याला हो म्हणतो.

एक विषय मला फार जवळचा वाटतो, तो मासा सोडून देण्याचा. आजीची माळ आहे हे तुला ठाऊकच आहे. तुझा मरळ सोडतानाचा व्हिडिओ तिला दाखवला, तर तिने विचारलं, "सोडायचाच होता तर धरला कशाला?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. पण व्हिडिओ मी पुन्हा पाहिला. पाण्याकाठी गुडघ्यावर बसून तू आधी हात ओले केलेस, माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघू नये म्हणून. मग पोटाखाली एक हात आणि शेपटीपाशी दुसरा देऊन त्याला आडवाच उचललास, ओल्या पट्टीवर लांबी मोजलीस, फोटो काढला आणि पाण्यात धरून ठेवलास, तो आपणहून सुळकन निघून जाईपर्यंत. आजी ते बघत होती. म्हणाली, "निदान हाताळते तरी मायेने."

स्पर्धेत मासा जिवंत सोडायची रीत अमेरिकेत क्लासिक सुरू करणाऱ्या रे स्कॉटने 1972 पासून लावून धरली. आज तिकडे बोटीत हवा खेळती ठेवलेली टाकी असते आणि मेलेला मासा आणला तर वजन कापतात. आपल्याकडे ही रीत पाळायला आणखी सबळ कारण आहे. कावेरीतला मोठा महसीर मासा 2018 पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आपल्या सह्याद्रीतला महसीर टिकावा म्हणून लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात वर्षानुवर्षं त्याची पिल्लं वाढवली गेली. तुझ्या प्रत्येक व्हिडिओत हे सांग. उद्या चांगला स्पॉन्सर तुला निवडेल तो यासाठीही निवडेल.

जागेच्या बाबतीत ढिलाई नको. धरणातल्या मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सोसायटीकडे असतो. त्या लोकांचं पोट त्या पाण्यावर आहे. विचारल्याशिवाय, परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकू नकोस, आणि त्यांच्या जाळ्यापासून लांब बस. गंगापूर धरणाचं पाणी आपलं शहर पितं, तिथे दोरीचा तुकडाही मागे राहता कामा नये. नांदूरमध्यमेश्वरला फक्त पक्षी बघायला जायचं, ते अभयारण्य आहे.

आता थोडं कडू. 2022 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत ओहायोला, लेक एरीवरच्या स्पर्धेत वजन करताना आयोजकाला संशय आला. त्याने सगळ्यांसमोर मासे चिरले, तर पोटात शिशाचे गोळे आणि दुसऱ्या माशांचे तुकडे निघाले. त्या जोडीला पुढे दहा दिवसांची कैद झाली, बोटही गेली. तू असलं काही करशील असं माझ्या स्वप्नातही येणार नाही. मी सांगतो ते लहान खोटेपणाबद्दल: कॅमेऱ्याजवळ धरून मोठा दाखवलेला मासा, न वापरलेल्या रिळाची तारीफ, कालचा मासा आजचा म्हणून. औषधाच्या धंद्यात एका खोट्या शिफारशीने वीस वर्षांचं गिऱ्हाईक तुटलेलं मी पाहिलंय. तुझा सगळा माल म्हणजे तुझा शब्द.

कायद्याचंही थोडं बघून ठेव. फुकट मिळालेल्या वस्तूची शिफारस करताना ती फुकट मिळाली हे त्याच व्हिडिओत, त्याच भाषेत सांगावं लागतं. केंद्र सरकारची ही सूचना 2023 च्या जानेवारीतली आहे. आणि 1 जुलै 2022 पासून धंद्यातून मिळालेल्या वस्तू वर्षाला 20 हजारांच्या वर गेल्या की त्यावर 10 टक्के कर कापला जातो. आम्हा दुकानदारांच्या कंपनी सहलींनाही तोच नियम लागला. बिलं जपून ठेव.

मग करायचं काय, तर सांगतो. कंपनीला नम्रपणे लिही की सवलत नको, सहा महिन्यांसाठी दोन रॉड आणि दोन रिळं वापरायला द्या, मी महिन्याला एक व्हिडिओ करीन, व्हिडिओ माझ्या मालकीचे राहतील, तुम्हाला वर्षभर वापरता येतील, आणि माल आवडला नाही तर तसं सांगायची मला मोकळीक हवी. नाही म्हणाले तर म्हणू देत. सोबत एक पान जोड: तुझं कोण बघतं, कुठल्या गावांतून, काय विचारतं, तुझं ऐकून कुणी काय घेतलं. मासे किती धरले ते सगळ्यात शेवटी.

दुसरं, मासेमारीच्याच कंपन्यांच्या मागे लागू नकोस. रेनकोट, बूट, पाण्याच्या बाटल्या, टोप्या विकणारे आहेत. शेततळ्यात अंथरायचा प्लास्टिकचा कागद विकणारेही आहेत, आणि आपल्या निफाड-दिंडोरीत शेततळी काय कमी आहेत? दोन-तीन शेततळ्यांवर मालकांच्या परवानगीने लहानशी स्पर्धा घे, मोजायचं लांबीवर, प्रत्येक मासा परत पाण्यात. त्या कागदाच्या कंपनीच्या माणसाशी माझी ओळख आहे. भेट मी घालून देतो, बोलायचं मात्र तू. मुलीसाठी बाप बोलला की तो माणूस माझ्या भिडेखातर पैसे देईल, आणि पुढच्या वर्षी देणार नाही.

पावसाळा तोंडावर आलाय. धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदाकाठी पाणी किती झपाट्याने चढतं हे दुतोंड्या मारुतीपाशी आपण दरवर्षी बघतो. तेव्हा लाइफ जॅकेटशिवाय काठावरही उभी राहू नकोस. चांगल्यापैकी घे, बिल मला पाठव, ते स्पॉन्सरच्या यादीत धरायचं नाही.

कंपनीला लिहायचा मसुदा रविवारपर्यंत पाठव. दोघं मिळून बघू, मग तू पाठव.

तुझे,
बाबा