शनिवारच्या यंत्र-वर्गाची आठवण

सभासद पालकांनो, सहावी ते आठवीच्या मुलांचा यंत्र-वर्ग येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता आहे. या वेळी कॅम शिकायचा: फिरत्या काडीवरची लंबगोल चकती वरच्या दांडीला वर-खाली हलवते आणि पुठ्ठ्याचा पक्षी पंख हलवतो. आधी हँडल हातानेच फिरवायचं, मोटर नंतर. यंत्र कुठे अडतंय ते बोटांना कळायला हवं. वेळ उरला तर १२ दात्यांच्या चाकाने ३६ दात्यांचं चाक फिरवून वेग किती कमी होतो ते मुलं स्वतः मोजतील.

जाड पुठ्ठा, बांबूच्या काड्या, फेविकॉल आणि कंपास पेटी पाठवा. कटर आम्ही देऊ. चकत्या घरून कापून देऊ नका, ही कळकळीची विनंती. वाकडी चकती का अडखळते हे मुलांनाच शोधू द्या. येणाऱ्यांची नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा.