गोळी लिहून देण्याआधी तुम्ही जे सांगितलंत, त्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

हे पत्र खासगीतही पाठवता आलं असतं. जाहीर लिहितो आहे, कारण ज्या घरात अर्धशिशीनं, म्हणजे मायग्रेननं, बेजार झालेलं चौदा-पंधरा वर्षांचं मूल आहे, त्या घरातल्या आईबाबांनीही ते वाचावं असं वाटतं. लेकीची परवानगी घेतली आहे. तिनं दोन अटी घातल्या: तिचं नाव लिहायचं नाही आणि तिला कुठेही ‘बिचारी’ म्हणायचं नाही.

तुमच्याकडे येईपर्यंत आम्ही बरंच ऐकून घेतलं होतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, पित्त असेल, मोबाइल काढून घ्या, वयच तसलं असतं. सगळ्यात जास्त वेळा ऐकलं ते ‘टेन्शन घेऊ नकोस’. त्यानं कुणाचं डोकं थांबल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. परीक्षेच्या आठवड्यात ती कशीबशी तग धरायची आणि शेवटचा पेपर टाकून घरी आली की रात्रीपासून कपाळ ठणकायला लागायचं. मळमळ, उलट्या, उजेड नको, आवाज नको, कुणी खोलीत यायलाही नको. त्यामुळे ‘आता परीक्षा संपली ना, मग कसलं आलंय टेन्शन?’ असा संशयाचा सूरही तिच्या वाट्याला आला. तुम्ही पहिल्याच भेटीत तिला सांगितलंत की ताण चढताना जसा अटॅक येतो तसाच तो ताण उतरतानाही येतो, आणि सुट्टीच्या पहिल्या दिवशी आडवी होणारी ती काही एकटी नाही. माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून सांगितलंत. तिचे खांदे खाली आलेले मला दिसले.

त्याच भेटीत आणखी एक गाठ सुटली. ताणामुळे अटॅक सुरू होतो हे खरं, पण तो यावा अशी मेंदूची घडण मुळात असावी लागते आणि ती बहुतेकदा घराण्यातून येते, असं तुम्ही म्हणालात. घरात कुणाला होतं का, असं विचारलंत तेव्हा मी माझ्या आईचं नाव घेतलं. इतकी वर्षं आम्ही तिचं डोकं आणि लेकीचं डोकं एकत्र करून बघितलंच नव्हतं, कारण आईचं अर्धंच डोकं दुखायचं आणि लेकीचं पूर्ण कपाळ. या वयात दोन्ही बाजूंनी दुखणं नेहमीचंच, अटॅक दोन तासांत संपू शकतो किंवा तीन दिवस चालू शकतो, मोठ्यांचे नियम मुलांना जसेच्या तसे लावायचे नाहीत, हे तुमच्याकडूनच कळलं.

एमआरआय काढायचाच, असं मनाशी ठरवून मी आलो होतो. तुम्ही डोळ्यांचा पडदा तपासलात, रक्तदाब घेतलात, तिला सरळ रेषेत चालायला लावलंत, हातापायांची ताकद बघितलीत आणि मग म्हणालात की आज एमआरआयची गरज दिसत नाही. नुसतं ‘काळजी करू नका’ म्हणून बोळवण केली नाहीत. काय झालं तर क्षणही न दवडता यायचं, ते लिहून दिलंत: एकाएकी कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, दुखण्यानं झोपेतून वारंवार जाग यायला लागली, सकाळी उठल्याउठल्या उलट्या होऊ लागल्या, एक बाजू लुळी पडली, ताप येऊन मान ताठली, दिसणं बिघडलं. तो कागद अजून कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे.

गोळ्यांआधी तुम्ही मोजमाप केलंत, हे मला फार आवडलं. पेडमिडास नावाची सहा प्रश्नांची यादी: गेल्या तीन महिन्यांत किती दिवस शाळा पूर्ण बुडली, किती दिवस अर्ध्यावरून घरी यावं लागलं, किती दिवस वर्गात नुसतं बसून काढले, घरचा अभ्यास, खेळ, मैत्रिणी. तिनं स्वतः भरलं. बेरीज पन्नासच्या वर गेली आणि पन्नासच्या वर म्हणजे तीव्र, असं तुम्ही सांगितलंत. तोवर ‘अधूनमधून डोकं दुखतं’ असंच आम्ही सगळ्यांना सांगत होतो. अटॅक थांबवण्याच्या गोळीचंही गणित तेव्हाच मांडलंत. वजनाप्रमाणे पुरेसा डोस, ठणका सुरू होताच, शाळा सुटण्याची वाट न बघता. पण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस पोटात जायला लागल्या, ट्रिप्टान (अर्धशिशीचा अटॅक थांबवणाऱ्या खास गोळ्या) किंवा मिश्र गोळ्या दहा दिवसांवर गेल्या आणि असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहतं. आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना अॅस्पिरिन द्यायची नाही, कारण रेज सिंड्रोम या यकृत आणि मेंदूला इजा करणाऱ्या दुर्मीळ आजाराचा धोका.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती.

रोज घ्यायच्या, अटॅक येऊच नये म्हणून द्यायच्या गोळ्यांचा विषय निघाला तेव्हा ‘ही घ्या, बरं वाटेल’ म्हणून चिठ्ठी फाडून देणं तुम्हाला सहज जमलं असतं. आम्हीही ती मुकाट घेऊन गेलो असतो. त्याऐवजी तुम्ही पंधरा वर्षांच्या मुलीला २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीबद्दल सांगितलंत. आठ ते सतरा वर्षांची तीनशे एकसष्ट मुलं; काहींना अॅमिट्रिप्टिलिन, काहींना टोपिरामेट आणि काहींना औषधच नसलेली गोळी. डोकेदुखीचे दिवस निम्म्यानं किंवा त्याहून जास्त कमी झाले अशी मुलं अॅमिट्रिप्टिलिनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के आणि औषध नसलेल्या गोळीच्या गटात ६१ टक्के. पुढे जाण्यात अर्थ नाही म्हणून ती चाचणी मध्येच थांबवली गेली.

मी गप्प झालो. लेक मात्र पटकन म्हणाली, "मग मला खोटी गोळीच द्या ना." तुम्ही हसलात, पण प्रश्न टाळला नाहीत. ती गोळी खोटी असली तरी मुलांचं बरं होणं खरं होतं, असं तुम्ही म्हणालात. कुणीतरी नीट ऐकून घेतलं, अटॅकची नोंद ठेवायला लावली, झोप आणि जेवणाच्या वेळा लावून दिल्या, आता कमी होईल असा भरवसा दिला, या सगळ्याला या वयाचा मेंदू दाद देतो. म्हणून पुष्कळ मुलांना रोजच्या गोळीशिवायही उतार पडतो. ज्यांना एवढ्यानं भागत नाही त्यांना औषध जरूर द्यायचं, पण नुसतं औषध नाही. मग दुसरा अभ्यास सांगितलात, २०१३चा. दहा ते सतरा वर्षांची, महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस डोकं दुखणारी १३५ मुलं. सगळ्यांना अॅमिट्रिप्टिलिन होतंच. ज्यांना सोबत ताणाशी जुळवून घ्यायचं प्रशिक्षण, म्हणजे सीबीटी, मिळालं त्यांच्यापैकी ६६ टक्के मुलांचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले. ज्यांना नुसती डोकेदुखीची माहिती आणि तेवढाच वेळ दिला त्यांच्यात ३६ टक्के.

आकड्यांनी घाबरायला होईल असं मला वाटलं होतं. उलट तिथूनच तिचा विश्वास बसला. घरी येताना ती म्हणाली, "त्यांना माहीत नाही ते पण त्या सांगतात."

मग तुम्ही एकेक औषध तिच्यासमोर ठेवलंत. प्रोप्रॅनोलॉलचा गुण डॉक्टरांच्या लक्षात आला तोच योगायोगानं. १९६६च्या सुमारास छातीच्या दुखण्यासाठी ते घेणाऱ्या रुग्णाची अर्धशिशी थांबली होती. पण लहानपणी तिला दम्याचा त्रास होता, म्हणून ते बाद. टोपिरामेट मूळचं फिट्सचं. अमेरिकेत २०१४पासून बारा ते सतरा वयाच्या मुलांच्या मायग्रेनसाठी त्याला मंजुरी आहे. पण बोटांना मुंग्या येतात, भूक जाते, बोलताना शब्द अडतात, आणि मुलगी आहे म्हणून पुढे गरोदरपणातल्या धोक्याचाही विचार आतापासून करावा लागतो. "ऐन दहावीत शब्द अडलेले मला नकोत," असं म्हणून तिनंच ते खोडलं. व्हॅलप्रोएट या फिट्सच्याच आणखी एका औषधाचं नाव काढून तुम्ही लगेच फुली मारलीत. या वयाच्या मुलींना ते टाळायचंच. फ्लुनारिझिननं झोप येते, वजन वाढतं आणि काहींचं मन खाली जातं. खास मायग्रेनसाठीच घडवलेल्या इंजेक्शनांचाही उल्लेख केलात. त्यातलं फ्रेमानेझुमॅब अमेरिकेत २०२५ साली सहा ते सतरा वर्षांच्या, किमान पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलांसाठी मंजूर झालं आहे. पण तिची पायरी इतक्यात नाही म्हणालात. गंमत म्हणजे बाकीची सगळी औषधं दुसऱ्याच कुठल्यातरी आजारातून उसनी आणलेली!

तिला रात्री झोप नीट लागत नव्हती, म्हणून सगळ्यात लहान डोसचं अॅमिट्रिप्टिलिन ठरलं. ते नैराश्यावरचं औषध म्हणून १९६१पासून वापरात आहे, हे कळल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी एकांनी मला बाजूला घेऊन विचारलंच, "डिप्रेशनची गोळी देताय पोरीला?" मला उत्तर देता आलं, कारण ते तुम्ही आधीच देऊन ठेवलं होतं: डोस नैराश्यासाठी देतात त्याच्या कितीतरी खाली, आणि काम वेदनेच्या वाटा शांत करण्याचं. आमच्याकडे अजून असल्या गोळ्यांची नावं दबक्या आवाजात घेतात. त्याचा मला आता राग येत नाही, कंटाळा येतो.

सुरुवातीचे आठवडे सोपे नव्हते. सकाळी पेंगुळलेली, तोंडाला कोरड, चिडचिड. गोळीची वेळ तुम्ही जरा अलीकडे आणायला लावलीत आणि डोस सावकाश वाढवलात. सहा ते आठ आठवड्यांआधी निकाल लावायचा नाही, असं बजावलं होतंत, म्हणून आम्ही टिकलो. प्रत्येक भेटीत मला थोडा वेळ बाहेर बसवून तिच्याशी बोललात. मन कसं आहे, स्वतःला इजा करून घ्यावी असं कधी वाटतं का, हे स्पष्ट शब्दांत विचारलंत. पहिल्यांदा तिनं मला ते सांगितलं तेव्हा मी दचकलो. असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, आणि या गोळीबरोबर तर विचारायलाच हवं, हे तुम्ही मला समजावलंत. त्या मिनिटांसाठी तुमचे वेगळे आभार.

सीबीटीसाठी समुपदेशक ताईंकडे ती आधी तोंड वाकडं करून जायची. श्वास मोजायचा, एकेक स्नायू आवळून सैल सोडायचा, बोटाचं तापमान पडद्यावर बघत ते वाढवायचा प्रयत्न करायचा. "हे काय बाळबोध," म्हणायची. मग एकदा तोंडी परीक्षेच्या आधी तिनं बाकावर बसल्याबसल्या ते केलं आणि त्या दिवशी अटॅक आला नाही. त्यानं आला नाही की तसाही येणार नव्हता, कोण सांगणार? पण तेव्हापासून तोंड वाकडं होणं बंद झालं. तुम्ही शाळेला दिलेल्या पत्राचाही तिला आधार झाला. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवायची, दुखू लागताच गोळी घ्यायची, अर्धा तास अंधारात पडून परत वर्गात यायचं, एवढंच त्यात होतं. त्यामुळे ती अर्ध्या शाळेतून घरी येणं जवळपास थांबलं.

आता कशी आहे? बरी आहे, पूर्ण बरी नाही. अटॅक येतात, पण अंतरानं येतात आणि आले तरी लवकर उतरतात. पेडमिडासचा आकडा पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली आला आहे. यात गोळीचा वाटा किती, झोपेचा किती, ताईंचा किती आणि नुसतं वय पुढे सरकल्याचा किती, असं मी मागच्या वेळी तुम्हाला विचारलं होतं. "ते मलाही वेगळं काढून दाखवता येणार नाही," म्हणालात. एरवी डॉक्टरांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं तर मी दुसरा डॉक्टर शोधला असता.

पुढच्या तपासणीला गोळी हळूहळू कमी करायचं बघू, असं तुम्ही म्हणाला आहात. तिला ते परीक्षेच्या आधी नको, मोठी सुट्टी लागून आठवडा झाला की मग हवं आहे. म्हणजे ताण उतरतानाचा अटॅक आणि गोळी कमी केल्याचा अटॅक यांची गल्लत होणार नाही, हा तिचा हिशेब. ती तुम्हाला स्वतः सांगणारच आहे, मी फक्त आधी कानावर घालून ठेवतो. आणि तुमच्या इथल्या फोनवरच्या ताईंनाही नमस्कार सांगा. गोळी चुकली तर काय करायचं, हे त्यांनी एकदाही न वैतागता दरवेळी सांगितलं आहे.

आपला कृतज्ञ,
तिचा बाबा